लालबानूचे बारा खुंट

लालबानूला कुणी वय विचारलं की ती घरं मोजायला लागते. पहिलं बापाचं, त्यात जन्म. तिसऱ्या घरात लग्न ठरलं, पाचव्यात मुलगा झाला, नवव्यात नवरा गेला. सध्याचं चौदावं. त्यावरून वयाचा अंदाज ज्यानं त्यानं बांधायचा.

ही चौदाही घरं जमुनेच्या एकाच काठावरची, एकाच घोनापाडा गावातली. नदी पुढं आली तसं गाव मागं सरकलं, नाव तेवढं तेच राहिलं. आज जिथून वाळूच्या होड्या जातात तिथं तिच्या बापाची वांगी होती. हे ती आपणहून सांगत नाही. कुणी विचारलंच तर पाण्याकडं हात करते आणि म्हणते, "त्या होडीच्या जरा अलीकडं."

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं घोनापाड्याचं होडीवर. काठाला तडा दिसला की आधी हातपंप उपसायचा, कारण तो जमिनीत खोल असतो आणि त्याला वेळ लागतो. मग छपराचे पत्रे, मग भिंतींचे पत्रे, मग लाकडी खांब. चूल मातीची, ती सोडायची. पण केळीचे कोंब उकरून घ्यायचे, संडासाची सिमेंटची गोल कडी घरंगळवत न्यायची, दारातली बसायची वीटसुद्धा उचलायची. नदीला फुकट काही द्यायचं नाही, हा गावाचा रिवाज. कुणाचंही काही काठावर राहिलेलं दिसलं तर जाणाऱ्या-येणाऱ्यानं ते उचलून आत आणून ठेवायचं. मालक कोण ते मागाहून कळतं. लालबानूच्या हातून एकच गोष्ट राहिली, नवऱ्याची कबर. ती हलवता आली नाही. दहावं घर गेलं त्याच भाद्रपदात तीही गेली.

काठ कधी पडणार हे तिला बरं कळायचं. तडा किती लांब आहे यापेक्षा तो वाकडा कुठं होतो ते ती बघायची. अनवाणी पायाच्या अंगठ्यानं कडेची माती दाबायची. खाली पाणी गुळगुळीत फिरत असेल तर म्हणायची, "इथं नाही निजायचं." लोक ऐकायचे.

तीन वर्षांमागं नदीच्या ऑफिसातून एक माणूस मोटारसायकलवर आला. त्यानं काठाच्या कडेनं बारा लोखंडी खुंट ठोकले, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे, प्रत्येकावर नंबर. प्रत्येक खुंट काठापासून बरोबर दहा मीटर. दर शनिवारी खुंटापासून काठापर्यंत टेप लावायची, आकडा वहीत लिहायचा आणि ऑफिसात फोन करून सांगायचा, एवढंच काम. लालबानू तिसरी शिकलेली, आकडे लिहिता येणारी, आणि तिचं घर तीन नंबरच्या खुंटासमोरच. काम तिला मिळालं.

"चाची, हे सरकारी खुंट आहेत," तो माणूस निघता निघता म्हणाला. "काठापासून दहा मीटर. नीट लक्ष ठेवा. शेजारच्या गावात मागच्या वर्षी सगळे हरवले, मला बोलणी खावी लागली."

"माझ्याकडून नाही हरवायचे," लालबानू म्हणाली.

पहिल्याच पावसाळ्यात तीन आणि चार नंबरसमोरचा काठ एका दुपारी सहा मीटर आत आला. लालबानू सुनेला घेऊन गेली, दोन्ही खुंट उपसले आणि टेप लावून नव्या काठापासून दहा मीटरवर पुन्हा ठोकले. शनिवार दोन दिवसांवर होता. मोजायच्या आधी खुंट आपल्या जागी हवेत, हे तिला भात लावायच्या आधी चूल पेटवण्याइतकं उघड होतं.

तेव्हापासून तेच चाललं. काठ पडला की खुंट मागं. कधी एकटीनं, कधी सून पारुलबरोबर, कधी शेजारचा मोमरेज पहार घेऊन यायचा. शनिवारी फोनवर ती एका सुरात सांगायची, "एक नंबर दहा. दोन नंबर दहा. तीन नंबर नऊ नव्वद." पलीकडून कुणीतरी लिहून घ्यायचं. वरच्या-खालच्या गावांतले खुंट एकामागून एक नदीत गेले. घोनापाड्याचे बाराच्या बारा शाबूत. दुसऱ्या वर्षी ऑफिसानं तिला जिल्ह्याच्या गावी बोलावून टाळ्यांच्या गजरात एक छत्री दिली. छत्री तिनं पारुलला देऊन टाकली.

यंदाच्या वैशाखात मोमरेज बाजारातून आला तो हसतच. मोमरेज साठीचा, होडीवाला, तोंडाचा पट्टा कधी न थांबणारा. हसता हसता तो खाली बसला आणि मग त्याचं हसू गेलं.

"भाभी, काठ धरायला वाळूच्या गोण्या कुठल्या गावांना टाकायच्या त्याची यादी लागलीय. आपलं नाव नाही."

"नाही म्हणजे?"

"आपला काठ पक्का आहे म्हणे! तीन वर्षं एक बोटभर हललेला नाही. मी त्या कारकुनाला म्हटलं, अरे बाबा, माझं घर या तीन वर्षांत दोनदा हललं, ते काय मी हवापालटासाठी नेलं?"

गाव तापलं. शाळेच्या मास्तरांनी अर्ज लिहिला, सगळ्यांनी अंगठे-सह्या केल्या. शाळा काठापासून सव्वाशे पावलांवर आली होती आणि तिच्या मागं साठ घरं. या घरांच्या मागं लोकांची स्वतःची जमीन उरली नव्हती. यंदा काठ धरला नाही तर पुढल्या वेळी गाव मागं सरकणार नव्हतं, पांगणार होतं. काही गाजीपूरच्या कापड-कारखान्यांकडं, काही कुणाच्या तरी बांधावर. घोनापाडा हे नाव लावायला जागा राहणार नव्हती.

अर्ज गेल्यावर आठवड्यानं इंजिनियर आला. शफायत नाव, सव्वीसेक वर्षांचा, ऑफिसात नवा. खांद्याला जीपीएसची पेटी, हातात मागच्या तीन वर्षांचे तक्ते. तक्त्यावर घोनापाडा हिरव्या रंगात होतं. लालबानूनं त्याला कुरमुरे आणि गूळ दिला आणि खुंट दाखवायला नेलं.

पाच नंबरच्या खुंटाशी तो थांबला. पेटीकडं बघितलं, खुंटाकडं बघितलं. पेटी बंद करून पुन्हा लावली. मग तक्ता काढला, त्यावरचा आकडा पेटीत घातला आणि बाण दाखवेल तिकडं चालू लागला. काठाशी येऊन त्याला थांबावं लागलं. बाण अजून पुढंच होता.

"खाला," मावशीला हाक मारावी तसं तो म्हणाला, "मशीन बिघडलंय बहुतेक. हे म्हणतंय पाच नंबरचा खुंट तिथं आहे." त्यानं नदीत दाखवलं. शंभरेक मीटरवर एक होडी कलिंगडं घेऊन चालली होती.

"बरोबर म्हणतंय," लालबानू म्हणाली.

"काय बरोबर?"

"तिथंच होता. त्या होडीच्या जरा पलीकडं. मीच आणला इकडं."

शफायतनं तिच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याची खूण नव्हती. उलट, मशीनची खात्री पटल्यासारखी ती मान हलवत होती.

"तुम्ही खुंट हलवलात?"

"मग? पाण्यात जाऊ देऊ?"

"किती वेळा?"

"लागेल तेव्हा. पाच नंबर... सात वेळा. नाही, आठ. एकदा मोमरेज मियांनी आणला होता."

"मीच," मोमरेज मागून म्हणाला. "पहार माझी होती. सरकारनं पहारीचं काही दिलं नाही."

शफायत खाली बसला. मग त्यानं मातीत काडीनं एक रेघ काढली, काठाची. तिच्या आत एक खडा ठेवला, खुंटाचा. "खाला, हा खुंट इथंच राहायला हवा. काठ याच्याकडं यायला हवा. दहा, मग सात, मग चार. त्यावरून आम्हाला कळतं नदी किती खातेय. तुम्ही दर वेळी खुंट मागं नेलात, म्हणून दर वेळी दहा. ऑफिसला वाटलं इथं नदी काही खातच नाही."

लालबानूनं तो खडा उचलला आणि परत होता तिथंच ठेवला.

"म्हणजे यादीतून गाव माझ्यामुळं गेलं?"

खोटं बोलण्याइतका तो अजून ऑफिसात मुरला नव्हता. "हो," तो म्हणाला.

शफायतनं तिथूनच मोठ्या साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज फोनबाहेरही ऐकू येत होता. आधी ते हसले, मग त्यांना आपण त्याच आकड्यांवर तीन अहवाल पाठवल्याचं आठवलं आणि ते हसायचे थांबले. शफायत म्हणत होता, की सगळे खुंट मिळून काठ सरासरी नव्वद मीटर आत आलाय, जुन्या जागांचे आकडे ऑफिसात आहेत, आजच्या जागांचे आपण घेतलेत.

"घेतलेस ना? छान. पण कमिटी विचारील, कधी हलवले, कुणी हलवले, तुमच्याच माणसानं हलवले तर आता हेच खरं कशावरून? हललेल्या खुंटाची साक्ष मी कशी ठेवू? नव्यानं ठोक. चार आठवडे मोज. बारांपैकी आठ तरी हात न लागलेले हवेत. ज्येष्ठाच्या मध्याला कमिटी बसते, त्याआधी आकडे दे. आणि ती बाई बदल."

शफायतनं फोनवर हात ठेवला. "दुसरं कुणी आहे का लिहिता येणारं?"

"आहे की," लालबानू म्हणाली. "मास्तर आहेत. पण तेसुद्धा हलवतील. मला निदान आता कळलंय."

शफायतनं फोनवरचा हात काढला आणि साहेबांना सांगितलं, की बाई तीच राहील, जबाबदारी माझी.

दुसऱ्या दिवशी त्यानं मोमरेजच्या होडीला खोली मोजायचं यंत्र बांधलं आणि काठाकाठानं फिरला. एक ते चार नंबरसमोर काठ पाण्याखाली सरळ तुटला होता, बावीस मीटर खोल. तिथं गोण्या टाकल्या तरी टेकायच्या नाहीत, घसरून खड्ड्यात जायच्या. पाच ते बारा मात्र उतार होता, तिथं त्या बसल्या असत्या. हे त्यानं लालबानूला सांगितलं, कारण आता तिला सगळंच सांगावं असं त्यानं ठरवलं होतं.

"तुमचं घर कुठल्या नंबरासमोर?"

"तीन."

तो तक्त्याची घडी घालत राहिला.

"तिथं पाणी गुळगुळीत फिरतं," लालबानू म्हणाली. "मला माहीत होतं. शाळा आठ नंबरला आहे, तिचं बघा."

खुंट नव्यानं ठोकले गेले. प्रत्येकाचा फोटो काढला, जागा पेटीत घातली, आणि खुंट गेलाच तर काठ मोजायला मागचं एकेक झाड खुणेचं ठरवलं. शफायत निघताना एवढंच म्हणाला, "खाला, काहीही झालं तरी हात लावायचा नाही. पडला तर पडू द्यायचा. 'गेला' हासुद्धा आकडाच आहे."

लालबानूनं गावभर फिरून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. पण ऐकलेलं डोक्यात राहतं, सवय हातात असते.

पहिल्या आठवड्यात कुणीतरी नऊ नंबरला बकरी बांधली. बकरीनं खुंट उपटून फरपटत नेला. लालबानूनं फोनवर सांगितलं, "नऊ नंबर बाद. बकरी."

"बकरी?" शफायत म्हणाला.

"तेच लिहा."

दुसऱ्या आठवड्यात नदीला वरचं पाणी आलं. मंगळवारी उजाडताच मोमरेज तिच्या दारात उभा, खांद्यावर सात नंबरचा खुंट, तोंडभर हसू.

"भाभी, जातच होता! हातभर उरला होता. धावत जाऊन काढला. चहा करा."

लालबानूनं त्याच्या खांद्यावरून खुंट उतरवून घेतला. "मोमरेज मिया, तुम्हाला काय सांगितलं होतं मी?"

मोमरेजनं खुंटाकडं बघितलं. त्याचं हसू हळूहळू उतरलं. "अरे अल्ला," तो म्हणाला. "पाय आपोआप धावले हो. परत ठोकू?"

"कुठं ठोकणार? त्या जागी तुम्ही होडीनं जाऊन ठोकणार का?"

"साहेबाला नका सांगू. त्याला काय दिसतंय तिथून?"

"त्याच्या पेटीला दिसतं," लालबानू म्हणाली आणि फोन उचलला. चहा मात्र तिनं केला.

तिसऱ्या आठवड्यात अकरा नंबर बाद झाला. तो पारुलनं काढला. खुद्द तिच्या सुनेनं. लालबानू दुसऱ्या टोकाला मोजत होती आणि पारुल पाणी भरायला गेली होती. खुंट झुकलेला दिसला, तिनं कळशी ठेवली, खुंट काढला, कळशी घेतली आणि घरी आली.

"अम्मा, मी विचारच नाही केला," ती रडवेली होऊन म्हणाली.

"विचार करून कोण काढतंय?" लालबानू म्हणाली. त्यानंतर बारा नंबर मास्तरांच्या घरच्यांनी काढला, आणि खुद्द मास्तर तो घेऊन माफी मागायला आले. बाद झालेले चार. उरले बरोबर आठ.

त्या दिवसापासून लालबानू काठावरच राहायला लागली. सकाळी भिजवलेला भात, कांदा, मिरची एका डब्यात घेऊन यायची आणि खुंटांच्या रांगेनं इकडून तिकडे फिरायची. कुणी जवळ आलं की काठी आपटायची. "ही सरकारनं ठेवलेली गुराखीण," मोमरेज म्हणायचा. "खुंट वळते." सहा नंबर गेला. तिनं वेळ लिहिली. एक आणि दोन एकाच दिवशी गेले. वेळ लिहिली. प्रत्येक वेळी लोक लांबून 'अरे अरे' करायचे, जणू गाय वाहून चाललीय.

शेवटच्या शनिवारच्या आदल्या दिवशी पाच नंबरच्या मागून तडा गेला. खुंट तड्याच्या पलीकडं, नदीच्या बाजूला. बातमी पसरायला वेळ लागला नाही. अकराच्या सुमाराला पन्नासेक माणसं जमली. खुंट सरळ उभा होता, चकचकीत, नंबर वाचता येत होता. मधली माती अजून चालण्यासारखी होती. तीन पावलं जायचं, उपटायचा, तीन पावलं यायचं. तिथल्या प्रत्येकानं आयुष्यात याहून अवघड काम केलं होतं.

लालबानू लोकांकडं तोंड करून मध्ये बसली.

"भाभी, हात शिवशिवतायत," मोमरेज म्हणाला.

"खिशात घाला."

"लुंगीला खिसा असतो का?"

"मग डोक्यावर ठेवा."

मोमरेजनं खरंच दोन्ही हात डोक्यावर ठेवले. दोघं-तिघं हसले. मागून एक बाई म्हणाली, "एवढं चांगलं लोखंड!" कुणीतरी तिला गप्प केलं.

मग लालबानू वळून बसली, नदीकडं तोंड करून. तडा रुंद होत होता, त्यातून वाळू आत झरत होती. खुंट एका बाजूला कलला. ती उठली. एक पाऊल पुढं गेलं. पारुल पाठीमागून म्हणाली, "अम्मा." लालबानू थांबली, पण बसली नाही. दोन्ही हातांनी तिनं टेपची चकती पोटाशी धरली होती आणि चकतीची कड बोटांत रुतली होती. माती आवाज न करता खाली बसली, मग एकदम धप्प झालं, पाणी वर उडालं. खुंट कुणाला जाताना दिसला नाही.

तिनं मोबाईलमध्ये वेळ बघितली. वही उघडली. फोन लावला.

"पाच नंबर गेला. अकरा वाजून वीस मिनिटं. नवा काठ खुणेच्या झाडापासून चौदा मीटर चाळीस."

"हात लागला का कुणाचा?"

"नाही," लालबानू म्हणाली. "माझाही नाही."

कमिटी बसली. घोनापाडा यादीच्या शेवटी हातानं लिहिलं गेलं, पाच ते बारा नंबरांसाठी. ज्येष्ठ सरता सरता दोन मोठ्या सपाट बोटी आल्या आणि आठ दिवस गोण्या पाण्यात पडत राहिल्या. मास्तर रोज शाळेच्या पायरीवर बसून मोजायचे. त्यांचा आणि ठेकेदाराच्या मुकादमाचा आकडा एकदाही जुळला नाही, आणि रोज भांडण व्हायचं.

बोटी निघून गेल्या त्याच आठवड्यात, बुधवारी, लालबानूनं घर उतरवलं. हातपंप आधी. बारा माणसं आली, दुपारपर्यंत पत्रे, खांब, दारातली वीट, सगळं शाळेच्या मागं नेलं. तिथं मास्तरांच्या भावाची पडीक जागा होती, वर्षाच्या बोलीवर. रिवाजाप्रमाणं तिनं सगळ्यांना खिचडी घातली. मोमरेजनं तीनदा घेतली आणि मीठ कमी असल्याचं सांगितलं.

शनिवारी ती टेप घेऊन काठावर गेली. पाच ते बारासमोर गोण्यांच्या ओळी पाण्याबाहेर दिसत होत्या. तिथं ऑफिसनं नवे खुंट दिले होते. तिथले आकडे तिनं आधी घेतले. मग ती वरच्या अंगाला आली, जिथं गोण्या नव्हत्या. तीन नंबरचा खुंट अजून उभा होता. त्याच्या मागं तिच्या घराचं मातीचं जोतं, चुलीची काळी जागा आणि पंप काढल्याचा खड्डा. खड्ड्यात पाणी भरलं होतं. तिनं टेपचं टोक खुंटाला अडकवलं आणि काठाकडं चालत गेली.

"तीन नंबर," तिनं फोनवर सांगितलं. "एक मीटर ऐंशी."

"खाला, वारा आहे, ऐकू आलं नाही."

"एक ऐंशी. लिहिलंत?"

"लिहिलं."

"चार नंबर," ती म्हणाली आणि पुढं चालू लागली.